फॅमिली फ्लोटर अधिक सुपर टॉप-अप : वापरून झाल्यावरचा अनुभव

आमच्या घरी सध्या आरोग्य विम्याची मांडणी अशी आहे : नवरा, मी आणि दोन मुलं मिळून एक फॅमिली फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच सामाईक विमा रक्कम), तिच्यावर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारी जोड पॉलिसी), आणि सासूबाईंची स्वतंत्र वैयक्तिक पॉलिसी. आता रिन्युअल तोंडावर आलंय. मधल्या काळात धाकट्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्यामुळे क्लेमही करून झाला. खिशाला झेपेल असा विमा शोधणाऱ्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल.

सासूबाईंना वेगळं का ठेवलं, ते आधी सांगते. एजंटचा आग्रह होता की पाचही जणांना एकाच फ्लोटरमध्ये घ्या, एकच कागद, एकच तारीख. पण फ्लोटरचा हप्ता साधारणपणे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे सासूबाई आत आल्या की मुलांसकट सगळ्यांचाच दर चढतो. शिवाय फ्लोटरची रक्कम सामाईक असते. एकाच्या मोठ्या आजारपणात ती संपली, तर वर्षाचे उरलेले महिने बाकीचे उघडे पडतात. ‘रिस्टोरेशन’ नावाची, म्हणजे संपलेली रक्कम पुन्हा भरून देण्याची सोय त्यावर उतारा म्हणून देतात, पण काही पॉलिस्यांत ती त्याच माणसाच्या त्याच आजाराला पुन्हा लागू होत नाही. हे कलम विकत घेण्याआधीच वाचायचं.

नुसता हप्ता बघून तुलना करायची नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. कागदावर तीन प्रकारची वर्षं मांडली : सगळे धडधाकट असलेलं वर्ष, एखादं मध्यम ऑपरेशन निघालेलं वर्ष, आणि लांबलेल्या गंभीर आजाराचं वर्ष. प्रत्येक पॉलिसीसाठी ‘हप्ता अधिक स्वतःच्या खिशातून जाणारे पैसे’ अशी बेरीज केली. पहिल्या वर्षात सर्वांत स्वस्त ठरलेली पॉलिसी तिसऱ्या वर्षात सर्वांत महाग निघाली, कारण तिच्यात 20 टक्के को-पे होता, म्हणजे दर बिलातला तेवढा हिस्सा आपण भरायचा. बिल छोटं असताना तो जाणवत नाही. पण विमा घ्यायचा तो मुळात मोठ्या बिलासाठी, आणि नेमकं तिथेच को-पे पाचवा हिस्सा तुमच्या माथी मारतो, त्याला बहुधा वरची मर्यादाही नसते. तरण्या माणसांनी हप्ता कमी करण्यासाठी को-पे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी करायचाच असेल तर डिडक्टिबल घ्यावं, म्हणजे सुरुवातीची एक रक्कम आपण भरायची आणि वरचं कंपनीने. ती रक्कम ठरलेली असते, निदान तयारी ठेवता येते.

सुपर टॉप-अप बसतो तो इथे. डिडक्टिबलची मर्यादा ओलांडल्यावरच तो पैसे देतो, आणि एवढा खर्च फार थोड्या घरांत होतो, म्हणून मोठ्या रकमेचं कवच तुलनेनं स्वस्तात मिळतं. आमच्या मूळ फ्लोटरच्या चौपट रक्कम यातून मिळते, आणि हप्ता मूळ पॉलिसीपेक्षा बराच कमी. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत मात्र गल्लत नको. समजा डिडक्टिबल 5 लाखांचं आहे आणि वर्षात 3-3 लाखांची दोन आजारपणं निघाली. साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम सुटा मोजतो, त्यामुळे काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज 6 लाख धरतो आणि वरचा 1 लाख देतो. नवऱ्याच्या नोकरीतली ग्रुप पॉलिसीही आहे, पण नोकरी सुटली की ती सुटते. म्हणून तिला आम्ही वरकड धरतो, पाया धरत नाही.

आता ऑपरेशनची गोष्ट. रात्री अचानक ॲडमिट करावं लागलं. रुग्णालय नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं होतं. ॲडमिशनच्या टेबलावर पहिला प्रश्न आला, “कुठली रूम देऊ?” त्या क्षणी आईबापाच्या तोंडून ‘चांगली द्या’ असंच येणार. पण आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या 1 टक्का रोजची मर्यादा आहे. मर्यादेच्या दीडपट भाड्याची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक भरून भागत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट, सगळ्याला त्याच प्रमाणात कात्री लागते आणि दोन तृतीयांशच मंजूर होतात. औषधांना बहुधा ही कात्री नसते. नवऱ्याला हे पाठ होतं. आम्ही मर्यादेतली खोली घेतली आणि बिलातला सर्वांत मोठा भुर्दंड वाचला.

कॅशलेसची, म्हणजे कंपनीने परस्पर रुग्णालयाला बिल देण्याची, पहिली मंजुरी झटपट आली. अडलं ते पुढे. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी कागदावर दुखण्याचा काळ ‘2/7’ असा लिहिला होता. डॉक्टरी लिखाणात याचा अर्थ 2 दिवस. तेच ‘2/12’ असतं तर 2 महिने. घाईतल्या अक्षरामुळे विमा कंपनीच्या माणसाला ते 12 वाटलं आणि जुनं दुखणं लपवलं का, अशी विचारणा आली. इकडे डिस्चार्ज तयार, मुलगा कपडे घालून बसलेला, आणि आम्ही क्लेम डेस्कपासून सर्जनच्या केबिनपर्यंत खेटे घालतोय. शेवटी सर्जननी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या आणि मंजुरी आली. माझा राग विचारण्यावर नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण ही शंका ॲडमिशनच्या दिवशीच काढता आली असती. ती अगदी शेवटच्या टप्प्यावर काढून आजारी लेकराला ताटकळत ठेवणं मला पटलेलं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, ॲडमिट करताना पहिल्या कागदाचा फोटो काढा, आणि दुखणं कधीपासून आहे ते अक्षरी लिहायला सांगा.

अंतिम बिलात ग्लोव्हज, मास्क, सिरिंजसारख्या वस्तू, नोंदणी शुल्क आणि फाइलचे पैसे आम्हालाच भरावे लागले. फार मोठी रक्कम नव्हती, पण रोज ड्रेसिंग लागणाऱ्या लांबलेल्या आजारात ती फुगत जाईल. घरी आल्यानंतरच्या औषधांचे पैसे वेगळ्या क्लेमने मिळाले. त्यासाठी मूळ बिलं आणि त्यांना जुळणारी चिठ्ठी लागते. एका गोळीचं नाव चिठ्ठीत नव्हतं, तर तेवढे पैसे कापले.

सासूबाईंच्या पॉलिसीचा अनुभव संमिश्र आहे. त्यांचा मधुमेह, रक्तदाब, रोजच्या गोळ्या, जुने रिपोर्ट, सगळं अर्जात लिहिलं. हप्ता वाढला, वेटिंग पिरियड लागला, म्हणजे तो संपेपर्यंत या जुन्या आजारांचे क्लेम मिळत नाहीत. ओळखीतल्या काहींनी ‘शुगर लिहू नका’ असंही सुचवलं. पण रुग्णालयात भरती झाल्यावर पहिल्याच तपासणीत हे सगळं उघड होतं, आणि मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. लपवलेल्या पॉलिसीचा हप्ता म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे.

त्यांच्या पॉलिसीत बाहेरच्या बाहेर डॉक्टरांना दाखवण्याची सोय आहे, पण दर भेटीला काही हिस्सा आपण भरायचा. हप्ता त्यामुळे आवाक्यात आला. मला खटकतंय ते वेगळंच. “एवढ्यासाठी कशाला गं जायचं, पुढच्या महिन्यात बघू,” असं त्या आता म्हणायला लागल्यात. अमेरिकेत 1970च्या दशकात सुरू झालेल्या रँड हेल्थ इन्शुरन्स एक्सपेरिमेंटमध्ये 7,700हून अधिक लोकांवर हेच तपासलं गेलं होतं. खिशातून हिस्सा भरावा लागला की लोक डॉक्टरकडे कमी जातात, हे तर दिसलंच. पण ते अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळतात, असंही आढळलं. गरीब आणि रक्तदाब असलेल्या रुग्णांना त्याचा तोटा झाला. आमच्या घरी आता त्यांच्या तपासणीची तारीख आम्ही ठरवतो आणि हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवतो, म्हणजे त्यांच्यापुढे पैशाचा विषयच येत नाही.

रिन्युअलला कंपनी बदलणार नाही. क्लेम दिला, कापाकापी नियमांत बसणारी होती. फ्लोटर आहे तशीच राहील, फक्त ग्लोव्हज-सिरिंजच्या खर्चाचं ॲड-ऑन घेईन आणि खोलीभाड्याची मर्यादा काढलेला प्रकार किती महाग पडतो ते विचारेन. कंपनीकडून वयानुसार हप्त्यांचा तक्ताही मागवलाय. आज परवडणारी पॉलिसी आम्ही साठीत गेल्यावर परवडेल का, ते त्यात कळेल. सासूबाईंच्या मधुमेहाचा वेटिंग पिरियड अजून संपायचाय, त्यामुळे त्या पॉलिसीला चांगलं-वाईट ठरवायची वेळ अजून आलेली नाही.