लांबच्या मुक्कामाला जाताना गाडी चालती ठेवायची, झोपवायची की चार्जरला लावायची?

दोन-तीन आठवड्यांसाठी जाणार असाल तर फार विचार करू नका. टायरमध्ये हवा भरा, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करा आणि निघा. बॅटरी धडधाकट असेल तर तेवढे दिवस गाडी सहज काढते. महिना उलटला की प्रश्न सुरू होतात आणि तीन महिन्यांपुढे तर काहीतरी सोय लावूनच जावं लागतं.

ही सोय तीन प्रकारे लावता येते. विश्वासातल्या माणसाकडे किल्ली द्यायची आणि त्याने गाडी नियमित चालवायची. किंवा बॅटरीची वायर काढून गाडी पूर्ण झोपवायची. किंवा बॅटरी चार्जरला जोडून ठेवायची. तिन्ही मी करून पाहिलं आहे. एक चौथा प्रकारही आहे. बरेच जण तोच करतात आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं: ‘आठवड्यातून एकदा नुसती स्टार्ट करून ठेव.’

पहिल्यांदा सहा महिने बाहेर गेलो तेव्हा चुलतभावाला हेच सांगून गेलो होतो. तो दिल्या शब्दाला जागला. दर रविवारी यायचा, पाच-सात मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि बंद करून जायचा. चौथ्या महिन्यात त्याचा फोन आला, ‘दादा, गाडी नुसती टक टक करतेय.’ परत आलो तेव्हा बॅटरी गेलेली होती आणि सायलेन्सर खालून इतका गंजला होता, की बोटाने दाबलं तर पत्रा आत जात होता. त्याने सांगितलं तेच केलं होतं. सांगणं चुकलं होतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी नीट चालली तर तापलेल्या सायलेन्सरमधून ही वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, वाफ आतच थंड होते आणि ते पाणी पुढच्या रविवारपर्यंत तिथेच साचून राहतं. इंजिन ऑइलचंही तसंच. थंड इंजिनात थोडं पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरते, ती उडून जायला ऑइल चांगलं तापावं लागतं. शिवाय स्टार्ट करताना बॅटरीतून जेवढं जातं आणि आठवडाभर गाडी जे गुपचूप खाते, ते जागेवरच्या पाच मिनिटांत भरून येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: गाडी चालवायची तर नीट चालवा, नाहीतर अजिबात हात लावू नका.

किल्ली कुणाकडे द्यायची असेल तर

नीट चालवणं म्हणजे दर पंधरा दिवसांनी एका दमात २०-२५ किलोमीटर. त्यात दहा मिनिटं एसी चालू, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलना ऑइल पोचतं. गाडीसाठी यापेक्षा चांगली सोय नाही. टायर फिरतात, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासून निघतो, जुनं पेट्रोल संपून नवं भरलं जातं, उंदरांना बस्तान बसवायला निवांतपणा मिळत नाही. काही बिघडलंच तर दोन आठवड्यांत कळतं, सहा महिन्यांनी नव्हे.

पण सगळी मदार त्या माणसावर असते. त्याला गाडी चालवायची सवय हवी, त्याच्याकडे वेळ हवा, आणि दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा गेला तर काय, हे दोघांनी आधी बोलून घेतलेलं हवं. विम्याची मुदत तुम्ही नसताना संपणार नाही ना आणि दुसऱ्याने चालवलेली विम्याला चालते ना, हे जाण्याआधी वाचून घ्या. ‘करेल का तो?’ या प्रश्नावर तुमचं मन जरा जरी घुटमळलं, तर त्याला अडचणीत टाकू नका. गाडी झोपवा.

बॅटरीची वायर काढून झोपवणं

गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोट लॉकचा रिसीव्हर, घड्याळ आणि आतले छोटे कॉम्प्युटर करंट खात असतात, साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत रिकामी, आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

वायर काढली की हे खाणं थांबतं. उरते ती बॅटरीची स्वतःहून होणारी झीज, महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के, उष्णता असेल तर जास्त. त्यामुळे जाण्याआधी पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी सहा महिने आरामात तग धरते. पूर्ण भरलेली म्हणजे गाडी बंद केल्यावर काही तासांनी मीटरवर १२.६ व्होल्ट किंवा वर. १२.४ दिसत असेल तर आधी चार्ज करा, मग काढा.

काढताना निगेटिव्ह वायर आधी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवर असलेला पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते आणि पाना हातात भाजतो. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. काढलेलं टोक कापडात गुंडाळून बाजूला बांधा, नाहीतर ते उसळून पुन्हा टर्मिनलला टेकतं.

या पद्धतीचे तोटे किरकोळ आहेत, पण माहीत हवेत. घड्याळ पुसतं, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो, पॉवर विंडोला काच कुठे थांबवायची ते पुन्हा शिकवावं लागतं, पहिले काही किलोमीटर आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं फिरणं) जरा डुगडुगतं. अलार्म बंद राहतो, म्हणून बाहेरून लागणारं स्टिअरिंग लॉक लावा. एक गोष्ट मात्र किरकोळ नाही: रिमोट चालणार नाही, तेव्हा साध्या किल्लीने दार उघडतं का ते आधीच बघा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी फक्त बटणानेच उघडत असेल, तर वायर काढून डिकी लावण्याआधी दोनदा विचार करा.

चार्जरला जोडून ठेवणं

इथे चार्जर म्हणजे मेंटेनर. बॅटरी भरली की तो १३.२ ते १३.८ व्होल्टच्या आसपास थांबतो आणि फक्त झीज भरून काढतो. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर जोडून कधीही जाऊ नका. तो थांबत नाही, पाणी उकळून काढतो आणि बॅटरी आतून वाळवतो.

वर्ष-दीड वर्षाच्या मुक्कामाला हा प्रकार सगळ्यात चांगला. अलार्म चालू राहतो, काही पुसलं जात नाही, परत आल्यावर पहिल्या प्रयत्नात गाडी सुरू होते. पण त्यासाठी बंद, हवेशीर जागा आणि हाताशी प्लग हवा. वीज जाऊन परत आल्यावर काही चार्जर स्वतःहून सुरू होत नाहीत. जाण्याआधी घरीच प्लग काढून-लावून ही परीक्षा करा. आणि महिन्यातून एकदा कुणीतरी चार्जरच्या दिव्याकडे नजर टाकणारं हवं. त्याला काहीच करायचं नसतं, फक्त बघायचं असतं. असा माणूस, गाडी चालवणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी सहज मिळतो. उघड्यावर उभ्या गाडीसाठी डॅशबोर्डवर ठेवायचं छोटं सोलर पॅनेल मिळतं. पण गाडीला कव्हर घातलं की त्याचा उपयोग शून्य.

टाकी भरलेली की रिकामी?

यावर भांडणं होतात. झोपवायच्या गाडीसाठी माझं उत्तर: भरलेली. अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत हवा, हवेत ओल, आणि गारव्यात ती ओल पाणी होऊन पेट्रोलमध्ये उतरते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ती ओल ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल-पाणी खाली बसतं आणि पेट्रोल वर राहतं. असं पेट्रोल तीन महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) टाका आणि नंतर दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते मिश्रण पाइपांत आणि इंजेक्टरपर्यंत पोचेल. डिझेल त्यामानाने जास्त टिकतं, पण तळाला पाणी असलं की त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर चिकट काळ्या गाळाने तुंबतो. तिथेही टाकी भरलेली बरी. गाडी कुणी चालवणार असेल तर या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

ऑइल मात्र कोणत्याही पद्धतीत जाण्याआधी बदला, आल्यावर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते आणि ती महिनोन् महिने बेअरिंगना चिकटून राहते.

टायर आणि हँडब्रेक

एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला खाली सपाट भाग पडतो. हवा महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप उतरते, म्हणून जाताना नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत राहून. सहा महिन्यांसाठी एवढं पुरतं. वर्षभर असेल तर गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर चढवणं चांगलं, पण स्टँड ॲक्सलखाली किंवा सस्पेन्शनच्या आर्मखाली हवेत. बॉडीखाली लावले तर चाकं लोंबतात आणि सस्पेन्शनची रबरं पूर्ण ताणलेली राहतात. नुसत्या जॅकवर गाडी कधीच सोडायची नाही.

हँडब्रेक ओढून जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये ब्रेकचा शू (ड्रमला आतून दाबणारी पट्टी) गंजाने चिकटतो. एकदा मी असाच अडकलो. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीने मागचा भाग खाली दाबला आणि हलेना. चाक काढून ड्रमवर लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी ठोकत बसलो, तेव्हा कुठे ‘ठण्’ आवाज करून सुटला, आणि शूवरचं अस्तर निघून ड्रमलाच चिकटून राहिलं. त्याऐवजी गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक काही गाड्यांत आपोआप लागतो. तो कसा टाळायचा ते पुस्तिकेत वाचून मगच बॅटरी काढा, कारण करंट गेला की तो सुटत नाही.

कुठे आणि कशाखाली

बंद कोरडी जागा, मग छप्पर, मग उघडं, या क्रमाबद्दल वाद नाही. तळघराचा मात्र दोनदा विचार करा. ऊन लागत नाही, पण ओल धरते आणि पाणी शिरलं तर सगळ्यात आधी तिथेच शिरतं. प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, खाली वाफ कोंडते. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या आणि गाडी धुऊन, पूर्ण सुकवूनच घाला. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलतं तेव्हा रंगावर बारीक पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं.

उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात आणि इंजिनाला हवा नेणाऱ्या नळीत बारीक स्टीलची जाळी कोंबा आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवा. एका वर्षी मी एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत बोनेटखालच्या अस्तराचा पिंजलेला कापूस, त्यात चिंधी आणि मधोमध वाटीएवढा खळगा. ते न बघता स्टार्ट केलं असतं तर तो कापूस इंजिनाने आत ओढला असता. सीटखाली सांडलेले खाण्याचे कण झाडून काढा, तेच त्यांना बोलावतात.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

हिशोब उलटा. मोठी बॅटरी पूर्ण भरून सोडायची नाही आणि तळालाही सोडायची नाही, निम्म्याच्या आसपास ठेवायची. पण तिच्यातही वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी उघडत नाही. इथे वायर काढायची की प्लगला जोडून चार्जची मर्यादा लावायची, हे कंपनीची पुस्तिका सांगेल तसंच करा. पेट्रोल गाडीचा अनुभव इथे लावू नका.

मी काय निवडेन

एक ते तीन महिने आणि मनाजोगा माणूस असेल, तर किल्ली त्याच्याकडे. तीन ते आठ महिने असतील, किंवा माणूस नसेल, तर वायर काढून झोपवणं. माझ्या मते बहुतेकांसाठी हेच बरोबर, कारण यात कुणावर अवलंबून राहावं लागत नाही आणि लागतो तो एक पाना. त्याहून जास्त, आणि बंद गॅरेजमध्ये प्लग असेल, तर मेंटेनर आणि स्टँड. प्लग नसेल तर बॅटरी काढून नातेवाइकाच्या घरी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करायला सांगा.

परत आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. आधी वाकून गाडीखाली डाग पडलाय का बघा, जाळ्या काढा, फिल्टर उघडा, ऑइल-कूलंट-ब्रेक ऑइलची पातळी बघा, हवा नेहमीच्या दाबावर आणा. मग बॅटरी जोडा आणि सुरू करा. पहिल्या काही ब्रेकना खरखर ऐकू येईल, तो डिस्कवरचा गंज निघतोय. टायर पहिले काही किलोमीटर धडधडतील आणि गरम झाल्यावर शांत होतील. वीस-तीस किलोमीटरनंतरही धडधड राहिली, तर टायरवाल्याकडेच गाडी न्या.