स्विफ्ट डीझेल की ग्रँड आय१० डीझेल: खरं मायलेज

जुन्या बाजारात या दोन्ही गाड्या शेजारी उभ्या दिसतात. २०१४ च्या अखेरीस आलेल्या फेसलिफ्ट स्विफ्टचा एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी करणारी संस्था) आकडा लिटरला २५.२ किमी, ग्रँड आय१०चा २४. रस्त्यावर यातलं काहीच मिळत नाही.

स्विफ्टचं १२४८ सीसीचं इंजिन २००० आरपीएमच्या खाली मरगळलेलं असतं. म्हणून गर्दीत सारखा गिअर खाली टाकावा लागतो आणि डीझेल तिथेच जातं. ग्रँड आय१०चं तीन सिलिंडरचं ११२० सीसी इंजिन कमी वेगातही ओढतं. थरथर जास्त, पण सिग्नलच्या गावात तीच बरी. हायवेला मात्र चित्र उलटं. ८०-९० च्या स्थिर वेगात स्विफ्ट आरामात २० च्या पुढे जाते, आणि भरल्या गाडीने खंबाटकी चढताना १९० एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, कामी येतो. ग्रँड आय१०चा १६०.

घेण्याआधी टाकी ते टाकी मोजाच. पंपाचं नोझल आपोआप कट होईपर्यंत भरा, ३००-४०० किमी चालवा, त्याच नोझलवर पुन्हा भरा. ४१२ किमीला १९.६ लिटर गेलं तर मायलेज २१. मीटरवर दिसणाऱ्या मायलेजच्या आकड्यावर विसंबू नका.

मायलेज पडलं की लगेच इंजेक्टरला (इंजिनात डीझेल फवारणारा भाग) हात लावू नका. आधी एअर फिल्टर, टायरची हवा, काजळीने तुंबलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) बघा. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला की इंजिन तापतच नाही आणि डीझेल जास्त खातं. फेरीनंतर एकच चाक जास्त गरम लागलं, तर ब्रेक धरतोय.