रोजच्याच पक्ष्यांसाठी दुर्बीण : ऑलिंपस ८×४० डीपीएस-आय

रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड बघायला मेळघाट गाठायचा आणि तो दिसला की यादीत खूण करून परत फिरायचं, असा बेत असेल तर हे परीक्षण फारसं कामाचं नाही. घरामागच्या शेवग्यावर येणारा शिंजीर, तारेवरचा वेडा राघू, कुंपणापाशी पालापाचोळा उलटापालटा करणारे सातभाई ज्यांना निवांत बघायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ही दुर्बीण स्वस्तातली आहे, दिसायला जुन्या वळणाची आहे, आणि या कामाला बहुतेक बाबतींत चोख आहे. जिथे नाही तेही पुढे येईल.

८ म्हणजे आठपट, ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हे आकडे सगळे वाचतात. त्याहून मोलाचा आकडा दृश्याच्या रुंदीचा, आणि तो इथे ८.२ अंश आहे. हजार मीटरवर १४३ मीटर, म्हणजेच वीस मीटरवरच्या झाडाचा जवळजवळ तीन मीटर रुंद भाग एका नजरेत मावतो. चष्मेवाल्यांचा (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या चिमुकल्या पक्ष्यांचा) थवा आंब्यातून पुढे सरकत असतो तेव्हा या रुंदीची किंमत कळते. पक्षी अर्धा मीटर उडाला तरी तो चौकटीतच राहतो, पुन्हा शोधावा लागत नाही.

दुकानदार याच मालिकेतली १०×५० पुढे करतो, ‘जास्त पट, मोठी काच, उजेडही जास्त.’ पट जास्त हे खरं. पण रुंदी ६.५ अंशांवर येते, वजन ७१० ग्रॅमवरून ८५५ वर जातं आणि हाताचा कंपही दहापट होऊन दिसतो. उजेडाचं म्हणाल तर साधा भागाकार करा. ४० ला ८ ने आणि ५० ला १० ने भागलं की दोन्हीकडे ५ मिलिमीटर येतात. डोळ्यात शिरणारी प्रकाशाची तबकडी तेवढीच, त्यामुळे पहाटेच्या उजेडात मोठी दुर्बीण उजळ दिसत नाही. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये हाच आकडा २.६ वर येतो. दुपारी चालून जाईल, पण सकाळी साडेसहाला दयाळाची राखी मादी आणि तिच्यामागची सावली वेगळी काढता येत नाही.

जत्रेत किंवा थंड हवेच्या ठिकाणी मिळणाऱ्या लाल काचांच्या दुर्बिणी मात्र फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. काचेवरचा लेप लाल प्रकाश परत फेकतो, म्हणून आतलं चित्र निळसर-हिरवट होतं. बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल डागच मळकट दिसत असेल, तर बघायचं काय?

या दुर्बिणीची भिंगं एका रेषेत नाहीत. पुढची दोन डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर आहेत, म्हणून तिला खांदे आल्यासारखे दिसतात. ही पोरो प्रिझमची रचना (प्रिझम म्हणजे चित्र सुलट करणारे आतले काचेचे लोलक). सरळ नळीच्या रूफ प्रिझमला लागणारे महागडे लेप हिला लागत नाहीत, त्यामुळे त्याच पैशांत चित्र बहुधा जास्त स्वच्छ मिळतं. शिवाय भिंगांतल्या अंतरामुळे खोली चांगली जाणवते. फांद्यांच्या गुंत्यात तांबट नेमका कोणत्या डहाळीवर आहे ते चटकन उमगतं. मग चोच मिटलेलीच ठेवून ‘टुक् टुक्’ करताना फुगणारा त्याचा गळा बघत बसावं.

आता उणिवा. पहिली म्हणजे जवळचं दिसत नाही. फोकस चार मीटरपासून पुढे बसतो. गॅलरीतल्या दोन मीटरवरच्या जास्वंदीवर शिंजीर आला तर धूसर ठिपका दिसेल. उपाय सोपा आहे, गॅलरीत उभं न राहता खोलीत मागे खुर्ची टाका. अंधाऱ्या खोलीतला माणूस पक्ष्यालाही कमी खुपतो. अंगण असेल तर पाण्याचं उथळ भांडं पाच-सहा मीटरवर ठेवा, पाणी चार-पाच सेंटिमीटरच असू द्या आणि रोज बदला. पावसाळा सरल्यावर पिवळ्या पोटाचा, गळ्यापासून खाली काळी रेघ उतरलेला शिंजीर दिसला, तर तो वेगळा दुर्मीळ पक्षी नव्हे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीबाहेरच्या साध्या पिसांत आहे. त्याचा जांभळा झगा परत चढताना आठवड्यागणिक बघणं ही या दुर्बिणीची सर्वांत मोठी चैन.

दुसरी उणीव चष्मेवाल्या माणसांसाठी (पक्षी चष्मेवाल्याची काही तक्रार नाही). डोळा भिंगापासून १२ मिलिमीटरवर हवा. चष्मा लावून एवढं जवळ जाता येत नाही, रबरी कडा दुमडल्या तरी दृश्याचा काठ कापला जातो. नंबर फक्त लांबचा किंवा जवळचा असेल तर चष्मा काढून फोकस बसवता येतो. तिरका नंबर (सिलिंडरचा, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझमचा) असेल तर दुर्बीण तो भरून काढत नाही. अशांनी डोळ्याचं अंतर किमान १६-१७ मिलिमीटर देणारं दुसरं मॉडेल घ्यावं.

‘डोकं दुखतं’ ही तक्रार अनेकदा दुर्बीण न जुळवल्यामुळे असते. आधी मधल्या बिजागरीवर ती उघडा-मिटा, दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत. मग वीस-पंचवीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजव्या पुढच्या भिंगावर झाकण लावून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग झाकण डावीकडे लावा आणि चाकाला हात न लावता फक्त उजव्या आयपीसची, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाची, कडी फिरवा. डोळा मिटून हे करू नका, मिटताना दुसराही आकसतो आणि जुळणी चुकते. कडी जिथे थांबली तिथे बारीक खूण करून ठेवा. पुढे फक्त मधलं चाक.

पक्षी सापडत नसेल तर तो दुर्बिणीतून शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी त्याच्यावर नजर खिळवा, मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. वेडा राघू यासाठी उत्तम गुरू आहे. मधमाशी पकडून तो पुन्हा त्याच तारेवर येतो आणि नांगी काढायला ती आपटतो, त्यामुळे फोकस आधीच लावून ठेवता येतो.

ही दुर्बीण जलरोधक नाही, आणि कोकणात हेच सर्वांत महाग पडतं. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली की साफसफाई खोलूनच करावी लागते. पावसाळ्यात सोबतच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात शंभरेक ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर कोरडे करून घ्या. काचेवरची धूळ आधी फुंकणीने उडवा, ओढणीने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसलंत तर तीच धूळ लेपावर ओरखडे काढते.

विकत घेताना दुकानाच्या दारात येऊन लांबची आडवी तार बघा. बघता बघता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा सेंटिमीटर दूर न्या. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर असली पाहिजे. एकीकडे वर, एकीकडे खाली दिसली तर आतली प्रिझम हललेली आहेत आणि कितीही जुळवलं तरी डोळे शिणणार. दुसरा नग मागा. देत नसतील तर दुसरं दुकान बघा.