पोस्टग्रेस १८ चे यूयूआयडीव्ही७(): नव्या टेबलला बिनधास्त, जुन्याला जपून

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये प्रायमरी कीसाठी (ओळीची एकमेव ओळख) बिगइंट हा पूर्णांक घ्यायचा की यूयूआयडी हा सगळीकडे वेगळाच ठरणारा आयडी, हा वाद जुनाच आहे. बिगइंट ८ बाइटचा आणि इंडेक्सच्या (शोधासाठीची क्रमवार यादी) शेवटी निमूट बसणारा. पण तो डेटाबेसकडूनच मागावा लागतो, आणि लिंकमध्ये दिसला की महिन्याला किती ऑर्डरी येतात ते कोणालाही मोजता येते. यूयूआयडी १६ बाइटचा असतो आणि तो कुठेही तयार करता येतो. अडचण यूयूआयडीच्या आवृत्ती ४ ची: तिचे १२२ बिट रँडम असल्याने प्रत्येक इन्सर्ट बी-ट्रीच्या (इंडेक्सची झाडासारखी रचना) भलत्याच पानावर जाऊन पडतो. इंडेक्स मेमरीत मावतो तोवर काही जाणवत नाही. तो शेअर्ड बफर्सपेक्षा (पोस्टग्रेसने राखलेली मेमरी) मोठा झाला, की एका नोंदीसाठी ८ केबीचे पान डिस्कवरून ओढून आणावे लागते. शिवाय चेकपॉइंटनंतर (बदललेली पाने डिस्कवर उतरवण्याचा टप्पा) पानाला पहिला हात लागताच अख्खे पान वॉलमध्ये (बदलांची नोंदवही) लिहिले जाते, म्हणजे रेप्लिकाकडे (डेटाबेसची दुसरी प्रत) जाणारा भारही फुगतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ ने आवृत्ती ७ चे यूयूआयडी बनवणारे यूयूआयडीव्ही७() हे फंक्शन थेट गाभ्यातच दिले. एक्स्टेन्शन लागत नाही. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या यूयूआयडीच्या मानकानुसार पहिले ४८ बिट मिलिसेकंदातल्या वेळेचे असतात. पुढच्या १२ बिटांत पोस्टग्रेस मिलिसेकंदाचाही अंश भरते (पायरी साधारण पाव मायक्रोसेकंदाची), आणि उरलेले ६२ बिट रँडम. एका कनेक्शनमध्ये आयडी चढत्या क्रमानेच मिळतात, सर्व्हरचे घड्याळ मागे गेले तरी. दोन कनेक्शनांमधल्या क्रमाची मात्र हमी नाही, तेव्हा तिकीट आधी कोणी काढले याचा निवाडा आयडीवरून करू नका.

नव्या टेबलसाठी आमचा कौल स्पष्टपणे याच्या बाजूने आहे. इन्सर्ट इंडेक्सच्या उजव्या टोकाला पडतात, पाने ९० टक्क्यांपर्यंत भरतात. आवृत्ती ४ मध्ये ती सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतात. एकच अट: कॉलमचा प्रकार यूयूआयडीच ठेवा. टेक्स्टमध्ये ठेवलात तर १६ च्या जागी ३७ बाइट जातात, तेही प्रत्येक फॉरेन कीमध्ये (दुसऱ्या टेबलमधून या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) पुन्हा पुन्हा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आठ अक्षरांपाशी. लॉगमध्ये किंवा स्क्रीनवर आयडीची पहिली आठ अक्षरे दाखवायची सवय अनेक टीमना असते. आवृत्ती ४ मध्ये ते खपून जायचे. आवृत्ती ७ मध्ये ती अक्षरे म्हणजे वेळेचे वरचे ३२ बिट, आणि ते सुमारे ६५ सेकंद बदलतच नाहीत. त्या मिनिटभरात आलेल्या सगळ्या ऑर्डरींचा ‘छोटा नंबर’ एकच! छोटा नंबर हवाच असेल तर शेवटची अक्षरे घ्या. आयडीच्या सुरुवातीवरून शार्ड (डेटा वाटून ठेवलेल्या सर्व्हरांपैकी एक) ठरवत असाल तर तेही आधी बदला, नाहीतर सगळा भार एकाच शार्डवर येईल.

दुसरी गोष्ट, यूयूआयडी_एक्स्ट्रॅक्ट_टाइमस्टॅम्प() ला आयडी दिला की नोंद कधी झाली ते लगेच कळते, आणि बाहेरच्या माणसालाही ते काढता येते. पासवर्ड रीसेटच्या लिंकला हा आयडी नको.

चालू टेबलमध्ये आवृत्ती ४ चे आयडी असतील तर नुसता डिफॉल्ट बदलला तरी चालते. प्रकार तोच, जुन्या ओळींना धक्का लागत नाही. पण २०२५ च्या अखेरचे आवृत्ती ७ चे आयडी ०१९ ने सुरू होतात. म्हणजे ते जुन्या विखुरलेल्या आयडींच्या अगदी सुरुवातीच्या भागात घुसतात, उजव्या टोकाला नाही. तिथे पान फुटताना अर्धे-अर्धे होते आणि मागची पाने अर्धी रिकामीच राहतात. डिस्कवरच्या उड्या थांबतात, जागा मात्र वाचत नाही. काही आठवड्यांनी रीइंडेक्स कॉन्करंटली (काम न थांबवता इंडेक्स नव्याने बांधणारी आज्ञा) चालवा.

बिगइंटच्या टेबलला नवा कॉलम जोडताना डिफॉल्ट त्याच आज्ञेत देऊ नका: अख्खे टेबल पुन्हा लिहिले जाते आणि तोवर कुलूपबंद राहते. कॉलम आधी रिकामा जोडा, मग डिफॉल्ट लावा, मग जुन्या ओळी पाच-दहा हजारांच्या तुकड्यांनी भरा. भरताना फंक्शनला क्रिएटेड_ॲट (ओळ तयार झाल्याची वेळ) वजा क्लॉक_टाइमस्टॅम्प() (आत्ताची वेळ) एवढे अंतर द्या, म्हणजे जुन्या ओळींना जुन्याच वेळेचे आयडी मिळतील. इथे नाऊ() वापरू नका. ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या क्षणावरच अडकलेले असते.