छतावरचं सोलर : उन्हाळा, पावसाळा आणि एक ३१ मार्च पाहिल्यावर

सांगलीत आमचं दोन मजली घर आहे. माणसं पाच, एक एसी, आणि महिन्याला सरासरी सव्वातीनशे युनिट. गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेल बसवली, म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या आसपास. एकूण खर्च १ लाख ९५ हजार. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८ हजारांची सबसिडी थेट खात्यात जमा झाली. तीन किलोवॅटच्या वर कितीही मोठी सिस्टीम बसवली तरी सबसिडी ७८ हजारांवरच थांबते, शिवाय पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलची, म्हणजे डीसीआर, असावी लागतात.

‘परवडतं का?’ असं विचारणाऱ्याला मी आधी त्याचं वीजबिल आणायला सांगतो. घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांपेक्षा १०१ ते ३०० च्या टप्प्यातलं युनिट जवळपास दुप्पट महाग पडतं, आणि तीनशेच्या पुढचं त्याहून महाग. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेल्या युनिटांतून आपण बाहेर दिलेली वजा करण्याच्या पद्धतीत, ही वजावट वरच्या टप्प्यापासून होत असल्याने सोलर आधी हीच महागडी युनिटं खातं. आमचं बिल पावणेचार हजारांच्या घरात असायचं, आता बहुतेक महिने दोनशेच्या आत येतं. ‘बिल शून्य’ ही मात्र जाहिरातीतली भाषा, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. या हिशोबाने घातलेले पैसे तीन वर्षांत वसूल व्हावेत.

बिल वाचताना मात्र पहिल्यांदा सगळेच गडबडतात. शेजारचे काका एकदा तावातावाने आले. सोलरच्या ॲपवर महिन्याची निर्मिती ३६० युनिट, बिलावर एक्सपोर्ट, म्हणजे बाहेर गेलेली वीज, २३०, मग मधली १३० कुणी ढापली? कुणीच नाही. दिवसा पंप, फ्रीज, वॉशिंग मशीन चाललं ते थेट पॅनेलवर. ती वीज नेट मीटरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे बिलावर दिसत नाही. बिलावर दिसते ती फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली.

आता ३१ मार्चचं. शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंतच. त्यानंतर उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, ते आपण वीज घेतो त्याच्या मानाने अगदीच किरकोळ. गंमत अशी की नोव्हेंबर ते मार्च ऊन चांगलं आणि एसी बंद, म्हणून शिल्लक साठते नेमकी तेव्हाच. एप्रिलात एसी सुरू करायची वेळ आली की खातं कोरं! म्हणून विक्रेता ‘साहेब, पाच किलोवॅटचंच घ्या, पुढं लोड वाढणारच’ म्हणाला तरी वर्षभराच्या वापराचा हिशोब करूनच आकडा ठरवावा. आमच्याकडे तीन पुरलं, थोडं उरलंसुद्धा.

कडक उन्हात वीज जास्त, हाही समज खोटा निघाला. पॅनेलवर लिहिलेली क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून असते. मे महिन्यात दुपारी काचेला हात लावून बघा, चटका बसतो. तापमान अंशाने वाढलं की उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. आमच्याकडे मार्चमध्ये दिवसाला पंधरा-सोळा युनिट मिळाली, मेमध्ये तेराच्या आसपास. जुलैच्या झडीत तीन-चारवर समाधान मानायचं.

धूळ सगळीकडेच असते, पण ऊसपट्ट्यात आणखी एक ताप आहे. तोडणीच्या हंगामात कुठंतरी पाचट पेटवतात आणि सकाळी पॅनेलवर काळ्या, दोऱ्यासारख्या राखेचा थर. कोरड्या फडक्याने पुसली तर ती तेलकट होऊन पसरते. पहाटे काच गार असताना पाइपने पाणी मारायचं आणि मऊ मॉपने ओढायचं. बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि ते काढताना जीव जातो. आम्ही नळाचं वापरतो.

वीज गेली की सोलरही बंद, हे घरात कुणालाच पटेना. ‘एवढं ऊन आहे की बाहेर!’ असं आई अजून म्हणते. ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर मुद्दाम तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर आपल्या छतावरचा करंट जायचा. बॅकअप हवा तर बॅटरी जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी, म्हणजे सगळं गणित नव्याने. आम्ही जुना बॅटरी-इन्व्हर्टर तसाच ठेवलाय.

बसवणाऱ्या ठेकेदारावर मात्र मी खूश नाही. आठ फुटांचा स्टँड ठरला होता, त्याने सहाचा आणला. वाद घालून बदलून घेतला, म्हणून आज खाली आईचं वाळवण आणि कपड्यांच्या दोऱ्या मावतात. इन्व्हर्टर पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर लावून मोकळा होणार होता, तोही जिन्याखाली घ्यायला लावला. अर्थिंगचे खड्डे स्वतः उभं राहून भरून घ्या. शेवटचे पैसे नेट मीटर लागल्यावरच द्या.

मेव्हण्यांनी तीन किलोवॅटचं कोटेशन आणलंय. त्यांचं बिल ऐंशी युनिटांचं, आणि शेजारच्या इमारतीची सावली दुपारी दोनलाच गच्चीवर येते. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एक-दोन जरी सावलीत गेली तरी बाकीच्यांचं उत्पादनही खाली येऊ शकतं. त्यांना मी सध्या थांबायला सांगितलंय. घरात एसी आला तर एक किलोवॅटचा विचार करू, तोही पूर्वेकडच्या कोपऱ्यात.