उन्हाळी मुगाच्या बियाण्यात मी असा फसलो

भावांनो, गहू काढून उन्हाळी मूग पेरायच्या तयारीत असाल तर आधी हे वाचा.

गेल्या मार्चमधली गोष्ट. गिरणेच्या पाटाखाली आमची तीन एकर आहे. गहू निघाला होता, आवर्तनाचं पाणी अजून मिळणार होतं. साठ-पासष्ट दिवसांत मूग घरात येतो, शेंगा तोडून पाला गाडला की जमिनीलाही नत्र मिळतं. हा हिशेब चुकीचा नव्हता, आजही नाही. चुकलं ते बियाणं.

पिकअप घेऊन एक जण पारावर आला. "पंचावन्न दिवसांचं संशोधित वाण, केवडा रोग (पानं पिवळी पडतात तो) येणारच नाही, माल आम्हीच विकत घेऊ." २८० रुपये किलो. एकरी सहा किलोप्रमाणे तीन पिशव्या घेतल्या, ५,०४० रुपये रोख मोजले. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. "पक्कं बिल व्हॉट्सॲपवर टाकतो दादा."

घरी मायने मूठभर दाणे सुपात घेतले. काही चकचकीत, काही मातकट, मधूनच दोन-तीन मटकीचे. "हाऊ ते बजारना मूग शे रे भाऊ," ती म्हणाली; म्हणजे हा बाजारातला खायचा मूग, बियाणं नव्हे. मला पेरणीची घाई. पिशवीला टॅग नव्हता, लॉट नंबर नव्हता, शिलाईसुद्धा हाताची होती.

उगवण विरळ झाली. चाळिसाव्या दिवशी एकाच ओळीत तीन तऱ्हेची झाडं: एक शेंगेवर, एक फुलावर, तिसरं नुसतं वेलासारखं पसरत चाललेलं. मग पांढरी माशी आली, तिने केवडा पसरवला आणि अर्धं शेत हळदीसारखं पिवळं पडलं. तीन एकरांत मिळून दीड क्विंटलही मूग झाला नाही. मागे राहिलेल्या शेंगा जूनच्या पावसात काळ्या पडल्या. बियाण्याच्या पैशापेक्षा मला पाटाचं पाणी आणि तो हंगाम वाया गेल्याचं दुःख जास्त आहे.

कृषी कार्यालयात साहेबांनी नीट ऐकून घेतलं. बिल? टॅग? पिशवी? उरलेलं बियाणं? माझ्याकडे काहीच नव्हतं. त्या माणसाचा फोन एप्रिलपासूनच बंद. हे कागद असते तर तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते आणि तो अहवाल घेऊन ग्राहक आयोगात जाता येतं. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलेलं आहे.

तेव्हा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, सत्यप्रतला (ज्याच्या दर्जाची हमी कंपनी स्वतः देते) हिरवं लेबल. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, ७५ पेक्षा कमी उगवले तर पेरू नका. पिशवी खालच्या बाजूने फोडा म्हणजे टॅग शिलाईला तसाच राहतो, आणि मूठभर बियाण्यासकट ती काढणीपर्यंत जपून ठेवा. मी माझ्या तिन्ही पिशव्या पेरणीच्या दिवशीच बांधावर पेटवून दिल्या होत्या.