पेट्रोलियम जेली : चिकट आहे, पण चेहरा वाचवला

ओझरची थंडी काय असते ते नाशिकवाल्यांना सांगायला नको, त्यात माझी पहिली शिफ्ट, म्हणजे पहाटे सहाला बाईकवर सातपूर. यंदा नाकाच्या कडेला पांढरे पापुद्रे, गाल लालबुंद, हसलं की कातडी ताणायची आणि दाढी केल्यावर नुसतं पाणी लागलं तरी चरचरायचं. आधी एक छान वासाचं महागडं क्रीम आणलं, नाव नाही घेत, लावल्यावर दोन मिनिटं डोळ्यातून पाणी. कातडी आधीच उललेली, त्यावर सेंट घातलेलं काही फासलं तर झोंबणारच ना.

शेवटी मेडिकलमधून साधी बिनवासाची जेली आणली, वडापाव-चहाच्या पैशात. पहिले दोन दिवस कोरड्या तोंडावर चोपडली आणि म्हटलं फुकट गेले पैसे. चूक माझीच, जेलीत पाणी नसतंच, ती नुसतं झाकण, खाली ओल असेल तर ती उडू देत नाही. मग तोंड धुवून टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि चेहरा दमट असतानाच हरभऱ्याएवढी तळव्यांवर पसरून नुसती थापायची. पाचव्या दिवशी पापुद्रे गेले, गाल निवायला मात्र दोन आठवडे लागले.

सगळं क्रेडिट डबीला देणार नाही, कारण त्याच आठवड्यात गिझरचं कढत पाणी तोंडावर घेणं सोडलं, आफ्टरशेव्ह बंद केलं, फेसवॉश फक्त संध्याकाळी, आणि लोकरीचा मफलर गालाला घासायचा म्हणून आत सुती रुमाल. सासूबाईंनी साय-लिंबू सुचवलं होतं, साय ठीक होती हो, लिंबाने पुन्हा आग आग.

आता तक्रारी. सकाळी लावून हायवेला निघालात तर अख्खी धूळ तोंडावर, म्हणून ही रात्रीच, सकाळी हलकं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, थंडी असली तरी ऊन असतंच. आणि हे सगळ्यांना चालेल असं नाही, माझ्या भावाला नाकाशेजारी पिवळट तेलकट खवले येतात, डोक्यात कोंडाही आहे, त्याला जेलीने काडीचा फरक पडला नाही, स्किनच्या डॉक्टरांनी अँटीफंगल क्रीम दिलं तेव्हा कुठे थांबलं. कातडीतून पाणी येत असेल किंवा पापण्या सुजल्या असतील तर डबी बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टर गाठा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो उशीच्या अभ्र्यांसाठी, ते धुताना बायको जे बोलते ते इथे लिहिता येत नाही.